दुकानाच्या छापाचे सामान

बर्मिंगहॅम, रविवार

ती. आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपण व्हिडिओ कॉलवर बोलत होतो, तेव्हा माझ्या पाठीमागच्या फळीवरचे डबे आणि पुडे पाहून, आई, तू मध्येच गप्प झालीस आणि मग हळूच विचारलेस, की पैशांची काही ओढाताण आहे का, सगळे सामान बिननावाचेच दिसते आहे. मी तेव्हा तसे काही नाही एवढेच म्हणून विषय बदलला, पण तुझ्या मनातून तो गेलेला नाही, हे बाबांच्या परवाच्या फोनवरून कळले. आता तुम्ही दोघे सहा महिन्यांसाठी इथे येणार आहात, मी दिवसभर कामावर असेन आणि किरकोळ वाणसामान तुम्हीच चालत जाऊन आणाल, म्हणून काय घ्यावे, काय घेऊ नये आणि का, हे एकदा सविस्तर लिहिते.

ओढाताण अजिबात नाही. आमच्या घराजवळ जे दुकान आहे ते आल्डीचे. जर्मनीतल्या एसेन शहरात आईने चालवलेल्या छोट्या दुकानातून कार्ल आणि थिओ आल्ब्रेख्त या दोन भावांनी हा व्यवसाय वाढवला, आणि ब्रिटनमधले त्यांचे पहिले दुकान १९९० साली आमच्या बर्मिंगहॅमच्याच स्टेचफर्ड भागात उघडले. त्यांची रीत अशी, की मोठ्या सुपरमार्केटात वीस-तीस हजार प्रकारच्या वस्तू असतात तिथे हे दोनेक हजारच ठेवतात. एका वस्तूचे दहा ब्रँड मांडत नाहीत, माल ज्या खोक्यातून आला त्या खोक्यासकट फळीवर ठेवतात, आणि बहुतेक वस्तूंवर स्वतःच्याच मालकीची नावे छापतात. जाहिरातीचा, मांडणीचा आणि माणसांचा खर्च वाचतो, तो भावातून कमी होतो. लिडल हे दुसरे जर्मन दुकानही याच पद्धतीचे आहे.

नाव नसलेल्या मालावर तुझा विश्वास नाही, याचे कारण मला चांगले ठाऊक आहे. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या तेलाची भेसळ होऊन माणसे दगावली, तेव्हापासून आपल्या घरात सुटे तेल आले नाही. ती सावधगिरी योग्यच होती. पण त्याच घरात वर्षानुवर्षे मुंबई ग्राहक पंचायतीचेही सामान येत होते, हे आठवून पाहा. महिन्याची यादी भरून द्यायची, संघातल्या कोणाच्या तरी घरी माल यायचा, सगळ्यांनी मिळून वाटप करायचे, आणि बाबा पिशव्या उचलून घरी आणायचे. त्या तूरडाळीच्या पुड्यावर कुठल्या बड्या कंपनीचे नाव नव्हते, तरी तू ती बिनदिक्कत शिजवत होतीस, कारण ती कोणी पाहून, पारखून घेतली आहे हे तुला माहीत होते. इथे एक मोठा फरक आहे, कारण ग्राहक पंचायत सभासदांची आहे आणि हे दुकान नफ्यासाठी चालते. म्हणून इथे पारखण्याचे काम दुकानावर सोडून चालत नाही, ते पुड्याची मागची बाजू वाचून आपणच करावे लागते.

सर्वांत आधी लोण्याचे सांगते, कारण तूप तुम्हाला बरोबर आणता येणार नाही. भारतातून दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये आणायला बंदी आहे. दुधावरची साय विरजून लोणी काढण्याचा तुझा बेतही इथे जमणार नाही. दुकानाच्या छापाचे असो की नामांकित डेअरीचे, इथले नेहमीचे दूध होमोजनाइज केलेले असते, म्हणजे त्यातले स्निग्धांश इतके बारीक फोडलेले असतात की ते वर येऊन जाड साय धरत नाहीत. तेव्हा तूप विकतच्या लोण्याचे करायचे. लोणी म्हणवून घ्यायला त्यात किमान ८० टक्के दुधाचा स्निग्धांश हवा आणि पाणी १६ टक्क्यांहून जास्त नको, असे कायद्यानेच ठरवून दिले आहे. त्यामुळे दुकानाचे लोणी आणि दीडपट किमतीचे लोणी यांत तुपापुरता फरक उरत नाही. वेष्टनावर एक लहानसा लंबगोल शिक्का असतो, त्यात देशाची अक्षरे आणि ज्या कारखान्यात ते तयार झाले किंवा बांधले गेले त्याचा परवाना क्रमांक असतो. मी एकदा चष्मा लावून दोन वेष्टने शेजारी ठेवली, एक नावाजलेल्या कंपनीचे आणि एक दुकानाच्या छापाचे, तर दोन्हींवर एकच क्रमांक निघाला. कारखाना एक म्हणजे कृतीही एकच असे त्यावरून ठरत नाही, पण बिननावाच्या मालामागेही नोंदलेला, तपासला जाणारा कारखाना असतो, एवढे मला त्या शिक्क्याने पटवले.

मी अडीचशे ग्रॅमच्या दोन वड्या जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवते. आधी पांढरा फेस येतो, तडतड होते, मग आवाज बारीक होत जातो आणि बेरी तळाशी बदामी होऊन बसते. त्या क्षणी गॅस बंद केला, की सुमारे चारशे ग्रॅम तूप निघते आणि ते आपल्या घरच्यासारखे रवाळ गोठते. फक्त दोन गोष्टी जपायच्या. लोणी ‘अनसॉल्टेड’ असावे, नाहीतर बेरी खारट होते. आणि ‘स्प्रेडेबल’ लिहिलेला डबा घेऊ नये, कारण ते नरम राहावे म्हणून त्यात वनस्पती तेल मिसळलेले असते. पहिल्या हिवाळ्यात मी घाईत तोच डबा आणून कढवला होता, आणि ते तूप शेवटपर्यंत गोठले नाही.

दूधही दुकानाचेच घ्या. निळ्या लेबलाचे पूर्ण स्निग्धांशाचे, हिरव्याचे निम्म्याच्या आसपास, लाल लेबलाचे साय काढलेले. चहाला निळे आणि बाबांना रात्री प्यायला हिरवे. श्रीखंडासाठी ‘ग्रीक’ आणि ‘ग्रीक स्टाइल’ यांतला भेद पाहावा लागतो: पहिले गाळून घट्ट केलेले असते आणि टांगण्याचा त्रास वाचवते, दुसरे केवळ तसे भासावे म्हणून घट्ट केलेले असू शकते. आणखी एक गोष्ट तुमच्यासाठी फार महत्त्वाची आहे. काही स्वस्त फळांच्या दह्यांत, पुडिंगांत आणि चघळायच्या गोड गोळ्यांत घट्टपणासाठी जिलेटिन घातलेले असते, आणि ते जनावराचे असते. एका दुकानातून आणलेले स्ट्रॉबेरीचे दही मी अर्धे संपवल्यावर घटकांची यादी वाचली होती. त्या दिवसाचे वाईट मला अजून वाटते. चीजमध्येही रेनेट, म्हणजे दूध साकळवण्यासाठी वापरतात तो वासराच्या पोटातला पदार्थ, असू शकते, म्हणून ‘शाकाहारींसाठी योग्य’ अशी नोंद दिसल्याशिवाय यांतली कुठलीच वस्तू टोपलीत टाकू नका.

तांदळाबाबतीत आई नाराज होईल, कारण आंबेमोहोर, कोलम इथल्या सुपरमार्केटात नाही. बासमती मात्र दुकानाचा चांगला असतो. इथे बासमतीसाठी ठरलेली नियमावली आहे आणि तिच्याप्रमाणे त्यात इतर तांदूळ ७ टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही, मग पुड्यावर नाव कोणाचेही असो. ‘ईझी कुक’ लिहिलेला तांदूळ घेऊ नका. तो उकडा असतो, कितीही शिजवला तरी दाणा सुटाच राहतो आणि वरणभाताला उपयोगी पडत नाही. बाबांच्या मऊ भातासाठी मला सापडलेला उपाय म्हणजे ‘पुडिंग राइस’. तो आखूड, पिठूळ दाण्याचा तांदूळ इथले लोक खिरीसारख्या पदार्थासाठी घेतात, कमी किमतीत मिळतो, आणि कुकरच्या दोन शिट्ट्या जास्त दिल्या की आपल्या मऊ भातासारखा होतो.

पिठाच्या बाबतीत मात्र स्वस्ताच्या मागे लागू नये. दुकानाचे ‘होलमील’ पीठ पावासाठी दळलेले असते. त्यात कोंड्याचे जाड तुकडे राहतात, पाणी नीट धरत नाही, आणि पोळी लाटताना कडा फाटतात. आपले चक्कीचे पीठ भारतीय दुकानातून आणावे, तिथे दोन पैसे जास्त गेले तरी चालतील. शंकरपाळ्या, करंज्या यांना दुकानाचे साधे पांढरे पीठ उत्तम. हळद, जिरे, धने, तिखटही इथल्या छोट्या बाटल्यांतून घेण्यात अर्थ नाही. बाटलीत चाळीस ग्रॅम असतात, आणि फळीवर लावलेल्या चिठ्ठीवरचा शंभर ग्रॅमचा भाव पाहिला तर डोळे उघडतात. बाबा, ती चिठ्ठी तुम्ही प्रत्येक वेळी वाचा. मोठ्या अक्षरातली किंमत पुड्याची असते, खालच्या बारीक अक्षरात दर किलोचा किंवा शंभर ग्रॅमचा भाव असतो, आणि हिशोब त्याच्यावरच करायचा.

डाळी, ओट्स, साखर, गोठवलेले मटार, पाण्यातले डबाबंद काबुली चणे हे सगळे डोळे झाकून दुकानाच्या छापाचे घ्यावे, कारण ज्या पुड्यात एकच घटक आहे त्यात ब्रँडला करण्यासारखे फार थोडे असते. डबाबंद टोमॅटो घेताना टोमॅटो किती टक्के आहे ते पाहा; अगदी तळाच्या भावाच्या डब्यात रस पातळ असतो, आणि चिरलेल्यापेक्षा अख्ख्या टोमॅटोचा डबा मला जास्त पसंत आहे. ‘व्हेजिटेबल ऑइल’ या नावाचे तेल इथे बहुतेक वेळा रेपसीडचे, म्हणजे मोहरीच्या जवळच्या नात्यातल्या बियांचे असते; उग्र वास नसतो, तळणीला चांगले. चहात बुडवायला बाबांना ‘रिच टी’ नावाची बिस्किटे आवडतील, ती आपल्या मारीच्या जवळची आहेत आणि दुकानाची व नामांकित कंपनीची यांतला फरक मला तरी ओळखता आलेला नाही.

मिठाचे मुद्दाम वेगळे लिहिते. भारतात आपण आयोडीनयुक्त मीठच वापरतो, पण इथले साधे मीठ बहुधा आयोडीनविरहित असते, म्हणून आयोडीनयुक्त मीठ मी भारतीय दुकानातून आणते, या दुकानातले तुम्ही आणू नका. बाबांच्या रक्तदाबासाठी तयार सूप, सॉस, खारे पदार्थ यांच्या पुड्यावर शंभर ग्रॅममागे मीठ किती तेही वाचायचे आहे: ०.३ ग्रॅमपर्यंत कमी, १.५ ग्रॅमच्या वर गेले की जास्त, आणि तिथे बहुधा लाल रंगही दिलेला असतो. ब्रँडवर विसंबून हे कळत नाही; एकाच फळीवर दुकानाचे सूप कमी मिठाचे आणि नावाजलेले जास्त मिठाचे, किंवा नेमके उलट, असे दोन्ही मी पाहिले आहे.

पॅरासिटॅमॉलही याच दुकानात मिळते. ५०० मिलिग्रॅमच्या १६ गोळ्यांचे पाकीट एका पौंडापेक्षा कमी किमतीत येते, औषध तेच असते, आणि पाकिटावर परवाना क्रमांक छापलेला असतो. दोनपेक्षा जास्त पाकिटे एका वेळी देत नाहीत. बाबा, आयबुप्रोफेन हे दुसरे वेदनाशामक मात्र शेजारीच ठेवलेले असले तरी घेऊ नका, तुमच्या रक्तदाबाच्या गोळ्यांबरोबर ते चालत नाही. आणि सर्दीच्या पुड्यांतही पुष्कळदा पॅरासिटॅमॉलच असते, म्हणून दोन्ही एकदम घेऊ नयेत.

काउंटरवरची मुले फार भरभर सामान पुढे सरकवतात, त्याने गडबडून जाऊ नका. तिथे पिशवीत भरत बसायचे नसते. सगळे पुन्हा ट्रॉलीत टाकून भिंतीजवळच्या लांब फळीवर सावकाश भरायचे असते. ट्रॉली सुटायला एक पौंडाचे नाणे लागते, ते मी दाराजवळच्या वाटीत ठेवून जाईन.

सामानाच्या वजनात तांदूळ, साखर, रवा असले काही बांधू नका, ते सगळे इथे आहे. पेढे आणि तूप वर लिहिल्याप्रमाणे विमानतळावर काढून घेतील. आमसुले, भाजणी आणि गोडा मसाला आणा, आणि आई, तुझ्या हातचे मेतकूट थोडे जास्त कर. पुडिंग राइसचा मऊ भात आणि इथल्या लोण्याचे तूप तयार ठेवते.

तुमची,
लेक