स्मरणिकेसाठी लेख पाठवणाऱ्या सभासदांना सूचना

सर्व सभासदांना नमस्कार.

स्मरणिकेचे लेख येत्या रविवारी सकाळी १० वाजता सांगलीत विश्रामबाग येथील मंडळाच्या कार्यालयात एकत्र केले जाणार आहेत. अक्षरजुळणीच्या संगणकावर वर्ड २००३ असल्यामुळे, वर्ड २००७ किंवा त्यानंतरच्या आवृत्तीत 'डॉकएक्स' प्रकारात जतन केलेली फाईल तेथे नीट उघडत नाही आणि मजकुराऐवजी निरर्थक चिन्हे दिसतात. मागील वेळी चार लेख यामुळे पुन्हा टंकलिखित करावे लागले. लेखकाच्या श्रमांचे असे होऊ नये, ही मनापासून इच्छा आहे.

म्हणून फाईल पाठवण्यापूर्वी 'सेव्ह ॲज'मध्ये जाऊन 'वर्ड ९७-२००३ डॉक्युमेंट' हा प्रकार निवडावा. केवळ नावापुढील 'डॉकएक्स' पुसून 'डॉक' लिहू नये, कारण नवी फाईल ही आतून झिप केलेल्या (दाबून एकत्र बांधलेल्या) एक्सएमएल, म्हणजे खुणांनी मांडलेल्या मजकुराच्या, फाईलींचा संच असते आणि नाव बदलल्याने तिची रचना बदलत नाही.

१. जुन्या प्रकारात जतन करताना गणिती समीकरणांचे चित्रात रूपांतर होते व ती पुढे दुरुस्त करता येत नाहीत, म्हणून मूळ फाईल स्वतःजवळ अवश्य ठेवावी.
२. मजकूर युनिकोडमध्येच (अक्षरे संगणकात साठवण्याच्या सर्वमान्य पद्धतीत) असावा.
३. सोबत पीडीएफ प्रत जोडावी, म्हणजे जोडाक्षरे ताडून पाहता येतील.

ज्यांच्याकडे वर्ड नाही, त्यांनी विनामूल्य मिळणारे लिब्रेऑफिस वापरावे. त्यात दोन्ही प्रकार उघडतात आणि जुन्या प्रकारात जतनही करता येते. अडचण असल्यास शनिवारी सायंकाळी पेन ड्राइव्ह घेऊन कार्यालयात यावे.

— चिटणीस