नाव लपवा, पण जबाबदारी लपवू नका

संपादक साहेब,
उद्यमबाग, मच्छे भागात कास्टिंग-मशीनिंगवाले (धातू ओतून सुटे भाग करणारे) भरपूर आहेत आणि त्यातल्या कितीतरी जणांना आपला माल शेवटी कुणाच्या कारखान्यात जातोय तेच ठाऊक नसतंय, कारण मधला ट्रेडर सांगतो की पेटीवर तुमचं नाव नको, चलन आमच्या नावाचं लावा, आतमध्ये बिल टाकू नका, आणि ट्रक परस्पर गिऱ्हाईकाच्या दारात. ह्याला ब्लाइंड शिपिंग म्हणतात, दोघांनाही एकमेकांचा पत्ता लागू दिला नाही की झालं डबल ब्लाइंड. ट्रेडरची भीती खोटी नाही म्हणा, थेट ओळख झाली की त्याचं मार्जिन गेलंच!

बेकायदा काही नाही, जीएसटीत 'बिल टू शिप टू' ची, म्हणजे बिल एकाच्या नावावर आणि माल दुसऱ्याच्या पत्त्यावर, अशी सोय आहे. पण गिऱ्हाईक कोल्हापूरचं असलं तर, कोल्हापूर जवळ असलं तरी दुसरं राज्य, ५० हजारांच्या वरचा माल असला की ई-वे बिल (माल वाहतुकीचा ऑनलाइन कागद) लागतंय, त्यात माल कुठून निघाला ते येतंच, मग ड्रायव्हरनं गेटवर चुकीचा कागद दिला की सगळं गुपित बाहेर.

खरा त्रास रिजेक्शनचा, म्हणजे माल नापास होऊन परत येण्याचा. ब्लोहोल (कास्टिंगच्या आत राहिलेली पोकळी) निघाला तर तक्रार ट्रेडरमार्फत फिरत येते, तोवर त्याच हीटचा (भट्टीत एका वेळी वितळवलेल्या धातूचा) पुढचा लॉटपण गेलेला असतो, वर परतीचं भाडं फौंड्रीच्याच माथी. नाव नसू दे, पण कास्टिंगवर हीट नंबर पाहिजेच, आणि भाडं कुणाचं ते ऑर्डरमध्येच लिहून घ्यायला पाहिजे. इथल्या उद्योजक संघटनांनी ह्याचा एक साधा मराठी-कन्नड नमुना करार काढावा ही विनंती.

– एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव