रविवारी वणीला व्हॅन नेणाऱ्यांसाठी : शनिवारी सीटबेल्ट तपासणी

सर्व सभासदांना नमस्कार,

रविवारी सहकुटुंब सप्तशृंगी गडावर जायचे आहे. आपल्यातले बरेच जण ओम्नी आणि तशाच जुन्या व्हॅन काढणार आहेत. त्या सर्व गाड्या शनिवारी संध्याकाळी 6 वाजता सोसायटीच्या पार्किंगमध्ये आणाव्यात.

1. प्रत्येक सीटचा बेल्ट पूर्ण बाहेर ओढून बघू. पट्ट्याच्या कडा विसविशीत झाल्या असतील, झटका दिल्यावर तो अडकत नसेल किंवा बकल ‘टक्’ करून बसत नसेल, तर त्या सीटवर कोणीही बसणार नाही. मागचे बेल्ट बहुधा सीटखाली किंवा कव्हरमागे दडपलेले असतात, ते आधीच काढून ठेवा.

2. जितके बेल्ट तितकीच माणसे. उरलेल्यांची सोय दुसऱ्या गाडीत करू, संकोच न करता सांगा.

3. लहान मुलांना मांडीवर घेऊ नये. अचानक ब्रेक लागला तर कितीही घट्ट धरलेले मूल हातातून सुटते. चाइल्ड सीट असेल त्यांनी आणावी.

4. आजी-आजोबांचा कमरेचा पट्टा पोटावर नको, खाली कमरेच्या हाडावर हवा.

5. पीयूसी, विमा आणि 15 वर्षांवरील गाडीचे नूतनीकरण झालेले आरसी सोबत असावे.

बेल्ट न लावल्यास कायद्याने 1000 रुपये दंड आहे, पण खरी काळजी गडाच्या वाटेवरच्या नांदुरीच्या घाटाची आहे. ओम्नीचे नाक सपाट, पुढे बसणाऱ्याच्या गुडघ्यांपुढे पत्र्याशिवाय फारसे काही नसते.

रविवारी सकाळी 6 ला निघू, दिंडोरीमार्गे.

– सचिव