वजन उतरलं, पण खुर्ची अजून दाबून बघते

संपादक महोदय, नमस्कार.

परवा तुमच्या पुरवणीत वजन कमी करायच्या ऑपरेशनवर लेख आला होता, आधीचा फोटो आणि नंतरचा फोटो. माझं पण दीड वर्षापूर्वी पोटाचं बायपास झालंय (हृदयाचं नव्हे, पोट छोटं करून पुढच्या आतड्याला जोडतात ते), ११८ किलो होते आता ७४ आहे, म्हणून म्हटलं या दोन फोटोंच्या मधलं पण कुणीतरी लिहावं.

पहिले दोन आठवडे नुसतं पातळ, मग गाळलेलं वरण, मग मऊ भात, जेवताना पाणी नाही, बी-१२, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या जन्मभर, हे सगळं कागदावर लिहून मिळालं होतं. चौथ्या महिन्यात मूठमूठ केस गळाले ते पण आधीच सांगितलेलं, परत आले. कागदावर नव्हतं ते हे, की मी वीस वर्षं राग आला की खायचे, रडू आलं की खायचे, सासूबाईंशी वाजलं की रात्री स्वयंपाकघरात उभ्यानंच चपाती-गूळ. आता चार घास झाले की पोट बस्स म्हणतं, राग मात्र आहे तिथंच, त्याला काय वाढू?

आणि आपल्याकडं तर माया म्हणजे वाढणंच की हो. रस्त्यात भेटलं की पहिलं "जेवलीस काय", शेजारच्या कन्नड अक्का पण "ऊटा आयता" म्हणूनच हाक मारतात. निपाणीला नणंदेच्या मुलीचं लग्न होतं, पंगतीत आग्रह झाला, मोडवेना, दोन चमचे कुंदा खाल्ला. पंधरा मिनिटांत दरदरून घाम, छातीत धडधड, कार्यालयाच्या मागच्या खोलीत गादीवर आडवी. याला डंपिंग म्हणतात, गोड पोटात थांबतच नाही, एकदम आतड्यात उतरतं. बाहेर बायकांचं चाललेलं, हिला कसला तरी रोग लागलाय, सांगत नाहीत घरचे. तेव्हा घामापेक्षा ते जास्त लागलं बघा.

घरात पण सगळं बदलतं. मिस्टर कधी विचारायचे नाहीत, आता खडेबाजारात गेले तरी कुठं होतीस, कोण भेटलं. "आता किती छान दिसतेस" असं कुणी म्हटलं की बरं वाटतं आणि लगेच मनात येतं, म्हणजे आधी मी कोण होते?

तपासणीला गेलं की काट्यावर उभं करतात, आकडा लिहितात, गुड म्हणतात, पुढचा पेशंट. मनाचं विचारलं ते ऑपरेशनच्या आधी एकदाच, दहा मिनिटं, फॉर्मवर सही. तिथंच बाकावर एक गृहस्थ भेटले, त्यांचं खाणं सुटलं आणि दारू लागली, बायपासनंतर ती लवकर चढते हे त्यांना नंतर कळलं म्हणे. माझं एवढंच मागणं आहे, ऑपरेशननंतर निदान दोन वर्षं समुपदेशन त्याच पॅकेजमध्ये धरावं, मराठीत आणि कन्नडमध्ये, आणि ऑपरेशन झालेल्यांना महिन्यातनं एकदा एकत्र बसवावं. पैसे एवढे घेताच की. आणि तुम्ही पण पुढच्या लेखात काट्याच्या पलीकडचं थोडं विचारा.

गेल्या आठवड्यात भावाकडं वाढदिवसाला गेले, भाचीनं प्लास्टिकची खुर्ची पुढं केली. मी हातानं दोनदा दाबून बघितली, मगच बसले. ती म्हणाली, "आत्या, अजून?"

तुमची एक वाचक,
शहापूर, बेळगाव