कबुलीनंतरचं काम

ती. बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

अशिलाने गुन्हा कबूल केला की वकिलाला उरतं काय, असं तुम्ही फोनवर विचारलंत. इथे अमेरिकेत फेडरल, म्हणजे केंद्रीय, न्यायालयांत शिक्षा होणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त लोक कबुलीच देतात. विद्यार्थ्यांना मी म्हणूनच आधी शिक्षेची बाजू शिकवते.

१९८७पासून शिक्षेचा एक तक्ता आहे. गुन्ह्याचे ४३ स्तर, पूर्वीच्या गुन्ह्यांचे ६ वर्ग. स्तर २४ आणि मागे काही नाही, तर ५१ ते ६३ महिने. जबाबदारी स्वीकारल्याबद्दल ३ स्तर उतरले की ३७ ते ४६. सर्वोच्च न्यायालयाच्या २००५च्या बुकर निकालानंतर तक्ता बंधनकारक राहिला नाही, तरी न्यायाधीशांचा हिशेब तिथूनच सुरू होतो.

तो हिशेब प्रोबेशन अधिकारी, म्हणजे न्यायालयाचाच एक अधिकारी, शिक्षापूर्व अहवालात मांडतो. मसुदा शिक्षेच्या सुनावणीच्या किमान ३५ दिवस आधी मिळतो आणि हरकती १४ दिवसांत लेखी द्याव्या लागतात. माझ्या मते सगळं इथेच ठरतं, सुनावणीच्या दिवशीच्या भाषणात नाही.

अहवालासाठी अधिकारी अशिलाची मुलाखत घेतो. वकिलाने तिथे बसायलाच हवं. पुष्कळ जण लाजेपोटी दारू किंवा गोळ्यांचं व्यसन लपवतात आणि ते फार महागात पडतं. तुरुंगात ५०० तासांचा व्यसनमुक्ती कार्यक्रम असतो. गुन्हा हिंसक नसेल, तर तो पूर्ण केल्यावर वर्षभरापर्यंत शिक्षा घटू शकते. पण अटकेआधीच्या बारा महिन्यांतल्या व्यसनाची कुठे नोंदच नसेल, तर प्रवेश अडतो. तुरुंगवाले पुढे वर्षानुवर्षं हाच अहवाल उघडून बघतात. म्हणून दवाखान्याचे, शाळेचे, नोकरीचे कागद मुलाखतीआधीच जमवावे लागतात, आणि जुने कागद मिळायला महिने लागतात.

नातलगांची पत्रंही जोडतात. ‘तो असं करूच शकत नाही’ असं कबुलीनंतर लिहिलं, तर कुटुंबाला गुन्हा मान्यच नाही असं दिसतं आणि घात होतो. काय घडलं ते आपल्याला माहीत आहे, असं आधी लिहावं. मग डोळ्यांनी पाहिलेली एखादी गोष्ट सांगावी: आजारी आईला डायलिसिसला कोण नेत होतं, किती दिवस. शिक्षा किती द्यावी हे सुचवू नये. पत्र न्यायाधीशांच्या नावे लिहावं, पण द्यावं वकिलाकडे; प्रत्येक ओळ आधी त्याने वाचलेली असली पाहिजे.

आईस नमस्कार.

तुमची,
ताई