बाळ्या, क्लचचं ठरलं

प्रिय बाळ्या,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. चार मिनिटांतली तीन मिनिटं मागे कोणीतरी ग्राइंडर चालवतंय, पण तुझा मुद्दा पोचला: अमेरिकेत जाऊन भंगारच गोळा करायचं होतं तर कराडातच राहायचं, माझ्या गॅरेजमागे ढीग पडलाय, बरोबर? आता नीट ऐक, म्हणजे वाच. फोनवर तू मला बोलू देत नाहीस म्हणून लिहितोय.

गाडी म्हणजे १९३० ची फोर्ड मॉडेल ए, दोन दाराची कूपे. म्हणजे बॉडी तेवढी १९३० ची, बाकी काही मूळचं राहिलेलं नाही, तेच तर हॉट रॉड. मडगार्ड काढून टाकलेत, बॉनेटच्या बाजूचे पत्रेही नाहीत, खाली शेवरोलेचं ३५० क्युबिक इंचाचं स्मॉल ब्लॉक व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन बसवलंय, मागे चाकांना जोर वाटून देणारा फोर्डचा नऊ इंची डिफरन्शियल. फोर्डच्या बॉडीत शेवरोलेचं इंजिन म्हटल्यावर तू शिव्या देशील, इथेही देतात, पण इथे हे पन्नासहून जास्त वर्षं चाललंय, ते इंजिन स्वस्त आणि पार्ट कुठेही मिळतो. आपल्याकडे जीपला मिळेल ते डिझेल इंजिन ठोकायचे तसंच. आणि हा उद्योग काही पैसेवाल्यांनी सुरू केलेला नाही बरं का, १९३० च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पोरांनी जुन्या फोर्ड उचलल्या, वजन कमी करायला जे निघतंय ते काढून फेकलं आणि म्युरॉकसारख्या आटलेल्या तळ्यांच्या सपाट मातीवर पळवल्या. १९३२ ला फोर्डने स्वस्त गाडीत व्ही-८ दिलं, २२१ क्युबिक इंच, ६५ हॉर्सपॉवर, मग तर पोरांना रानच मोकळं मिळालं.

तर इंजिन बसलं, मागचा अ‍ॅक्सल बसला, आणि मधे भोक. गेले चार महिने गाडी तशीच उभी आहे कारण मला ठरवता येत नव्हतं, मॅन्युअल गिअरबॉक्स टाकू की ऑटोमॅटिक.

तू म्हणशील यात ठरवायचं काय, गाडी म्हणजे क्लच. मीही तेच म्हणत होतो. पण मी कुठे राहतो ते बघ. इथे डेट्रॉइटच्या आसपास दर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांचा मेळा भरतो, ड्रीम क्रूझ म्हणतात, १९९५ पासून चालू आहे. मेळा म्हणजे काय, रस्त्यावरून हळूहळू जायचं आणि लोकांनी खुर्च्या टाकून बघायचं, आपल्या गणपतीच्या मिरवणुकीसारखं, फक्त ढोलाऐवजी सायलेन्सर. मागच्या वर्षी ओळखीच्या एकाची जुनी मॅन्युअल गाडी मी तिथे तासभर चालवली. हाफ क्लच, दाब, सोड, दहा फूट, परत दाब. तासाने उतरलो तर डावा पाय असा थरथरत होता की उभं राहता येईना, आणि क्लचप्लेटचा वास तर तुला माहीतच आहे, जळक्या नखासारखा. तेव्हाच मनात आलं की आपण पन्नाशी ओलांडली.

त्यात शेजारचे आजोबा. वय ऐंशीच्या पुढे, सगळी नोकरी विलो रनच्या कारखान्यात गेली, ऑटोमॅटिक ट्रान्समिशन, म्हणजे गिअरबॉक्स बनवण्यात. त्यांच्या गॅरेजात एक ७००आर४, म्हणजे चार गिअरचा ऑटोमॅटिक, पडलाय, स्वतः उघडून नवा केलेला, म्हणाले घेऊन जा, पैसे नकोत. फुकट! मी तर मॅन्युअलसाठी पैसे बाजूला काढून ठेवलेले. वर त्यांनी मला असं झापलंय की विचारू नकोस, कारण मी बोलता बोलता म्हणून गेलो की ऑटोमॅटिक म्हणजे खरी हॉट रॉड नाही.

त्यांनी मग बसवून शाळाच घेतली. पहिली धड मास प्रॉडक्शनची फुल ऑटोमॅटिक म्हणजे हायड्रामॅटिक, १९४० च्या ओल्ड्समोबिलमध्ये आली, चार गिअर, क्लचचा पेडलच नाही. दुसऱ्या महायुद्धात तीच अमेरिकन रणगाड्यांत बसली. रणगाड्यात, बाळ्या! आणि नंतर ड्रॅग रेसवाल्यांनी, म्हणजे सरळ रस्त्यावर थोड्या अंतराची शर्यत लावणाऱ्यांनी, तीच हायड्रामॅटिक उचलून आपल्या गाड्यांत घातली, कारण माणसाच्या हातून गिअर चुकतो, तिच्याकडून चुकत नाही. आजही ड्रॅगला दोन गिअरची जुनी पॉवरग्लाइड वापरणारे ढिगाने आहेत. हायड्रामॅटिक जिथे बनायची तो लिव्होनियाचा कारखाना, माझ्या घरापासून वीस मिनिटांवर, १९५३ च्या ऑगस्टमध्ये जळून खाक झाला आणि अख्ख्या जनरल मोटर्सची दातखीळ बसली, ओल्ड्समोबिल, शेवरोले या सगळ्या तिच्याच गाड्या. कॅडिलॅकमध्ये ब्युइकचं ट्रान्समिशन घालायची पाळी आली, पाँटिअ‍ॅकमध्ये शेवरोलेचं. मग सगळं काम विलो रनला हलवलं, जिथे युद्धात बी-२४ बॉम्बर विमानं बनायची. आजोबा तिथे लागले ते त्यानंतर काही वर्षांनी. आता तोही कारखाना बंद झाला. तर या माणसासमोर मी म्हणतोय ऑटोमॅटिक खोटी. गप्प बसलो.

घरी ये तर तिसरंच. मला वाटलं हिला ऑटोमॅटिक हवी असणार, म्हणजे निमित्त बरं, बायकोसाठी केलं म्हणता येईल. तर ही म्हणाली, माझ्या नावावर खपवू नकोस, मी बाबांच्या पद्मिनीवर शिकले, दांडा स्टिअरिंगला, सांगलीच्या बाजारातून रिव्हर्स काढलीये, तुझंच सांग तुला झेपणार आहे का. चिरंजीव सतरा वर्षांचे, त्यांनी आयुष्यात तिसरा पेडल बघितलेला नाही. इथे त्याच्या वयाच्या पोरांना मॅन्युअल येतच नाही, भाड्याने गाडी घ्यायला जा, सगळ्या ऑटोमॅटिक. माझंही तेच झालंय म्हणा. इथे स्टिअरिंग डावीकडे, म्हणजे गिअर उजव्या हाताने टाकायचा, आणि त्या दिवशी वुडवर्डवर माझा डावा हात दर वेळी जाऊन दाराच्या हँडलला लागत होता. वीस वर्षं झाली गड्या, हात अजून कराडातच आहे.

मग मी भावना बाजूला ठेवून वही घेतली. साधं गणित आहे, ताशी मैलात वेग, गुणिले एकूण रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे किती फेरे), गुणिले ३३६, भागिले टायरची उंची इंचात, की आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे. माझं डिफरन्शियल ३.७०, टायर २८ इंच. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे १ पेक्षा कमी रेशोचा शेवटचा गिअर, नसेल तर ६५ मैलांना इंजिन २९०० च्या आसपास ओरडत राहणार, बॉनेटच्या बाजू उघड्या, कानठळ्या. म्हणजे मॅन्युअलमध्ये जुने मन्सी नावाचे चार-स्पीड, आणि ऑटोमॅटिकमध्ये टीएच३५०, हे दोन्ही कितीही नावाजलेले असले तरी बाद, दोघांचाही शेवटचा गिअर १:१. उरले दोन. आजोबांचा ७००आर४, त्याचा चौथा ०.७०. आणि टी-५, पाच गिअरचा मॅन्युअल, फोर्डच्या मस्टँगमध्ये यायचा तो, पहिला ३.३५ आणि पाचवा ०.६८. दोघेही ६५ मैलांना दोन हजारांच्या आसपास. म्हणजे हायवेवर फरक शून्य.

आता ती वुडवर्डची गोष्ट परत काढली. ज्या गाडीने माझा पाय मोडला तिच्यात क्लोज रेशोचा मन्सी होता, पहिला गिअर २.२०. माझ्या डिफरन्शियलवर तो धरला तर ८०० आरपीएमच्या आयडलला, म्हणजे रेस न देता, क्लच पूर्ण सोडून गाडी ८ मैलांच्या पुढे पळणार, मिरवणूक चालते ३-४ मैलांनी, म्हणजे सतत हाफ क्लच आलाच. टी-५ च्या पहिल्यात तीच गाडी ५ मैलांवर येते, ट्रॅक्टरसारखी सरकते, पाय काढून बसायचं, मधूनच दाबायचं. म्हणजे त्या दिवशी दोष क्लचचा नव्हता, रेशोचा होता! हे कळलं तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते आणि मी किचनमध्ये एकटाच हसत होतो.

आणि ऑटोमॅटिक वाटते तशी बिनघोर नाही. माझ्या इंजिनाला जरा तिखट कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आहे, आयडलला गाडी धडधडते. अशी गाडी गिअरमध्ये टाकून सिग्नलला उभी केली की ती ब्रेकवर ढकलत राहते, मग क्लचच्या जागी असतो तो टॉर्क कन्व्हर्टर जास्त स्टॉलचा, म्हणजे जास्त आरपीएमला पकडणारा, घाला, तो जास्त तापणार म्हणून वेगळा कूलर लावा. आणि ७००आर४ ची एक खोड आहे. कार्ब्युरेटरपासून एक केबल आत जाते, टीव्ही केबल, टेलिव्हिजन नव्हे, थ्रॉटल व्हॉल्व्ह. अ‍ॅक्सिलरेटर किती दाबलाय त्याप्रमाणे आतलं ऑइल प्रेशर वाढवायचं काम तिचं. ती थोडी ढिली राहिली की प्रेशर कमी पडतं, आतल्या क्लच प्लेटा घसरतात आणि बघता बघता जळतात. ड्रायव्हरला काहीच कळत नाही, उलट गिअर छान मऊ पडतायत असं वाटतं. आणि जळली की मी काय करणार? आजोबांनी एकदा मला ऑइलच्या वाटांचा आतला ठोकळा, व्हॉल्व्ह बॉडी, उघडून दाखवली, मुंग्यांच्या वारुळाचा नकाशा वाटला मला, शंभर वाटा आणि बारक्या बारक्या गोळ्या. ते म्हणाले सोपं आहे. त्यांना आहे. ते किती दिवस शेजारी असणार, हे मी त्यांच्यासमोर बोललो नाही.

टी-५ उघडला की मला कळतं काय बघतोय ते. दात, सिंक्रो रिंगा (गिअर करकरू न देता वेग जुळवतात त्या), फोर्क, बेअरिंगा. अण्णांनी तुझ्या अंगणात गोणपाटावर जीपचा गिअरबॉक्स पसरला होता आणि आपल्याला रॉकेलमध्ये बेअरिंगा धुवायला बसवलं होतं, तेव्हाच जे डोक्यात गेलं ते गेलं.

नाजूक आहे म्हणतात टी-५. खरंय, त्याचं चांगलं व्हर्जनसुद्धा साधारण ३०० फूट-पाउंड टॉर्क, म्हणजे पिळायचा जोर, सोसणारं, माझं ३५० तिथपर्यंत आरामात जातं. पण ही गाडी जेमतेम टनभर, टायर जुन्या चालीचे, अरुंद. गिअरचे दात तुटायच्या आधी टायरच फिरतील जागेवर. आणि मी काही सिग्नलला क्लच आपटणारा नाही, ते वय तुझ्या राजदूतवर संपलं.

खरी पंचाईत जागेची होती. मॉडेल ए ची केबिन म्हणजे आपल्या रिक्षेपेक्षा थोडी बरी. स्टिअरिंगचा कॉलम क्लच आणि ब्रेकच्या मधून खाली जातो. मी फळ्या कापून तीन खोटे पेडल बनवले, स्क्रूने ठोकले आणि आत एक उलटी बादली ठेवून तिच्यावर बसून सराव करत होतो. कामाचे बूट घातले की ब्रेकबरोबर अ‍ॅक्सिलरेटरही दाबला जायचा. पेडल तीनदा सरकवले, शेवटी क्लच हायड्रॉलिक घ्यायचं ठरलं, दोन्ही मास्टर सिलिंडर फ्लोअरच्या खाली, आणि प्रेशर प्लेट डायफ्रामची म्हणजे पेडल हलका. गिअरचा दांडाही नीट यायला हवा ना, शेवरोलेच्या कमॅरोमधला टी-५ तिरपा बसतो, दांडा भलतीकडेच झुकतो, आणि मस्टँगचा दांडा इतका मागे येतो की बेंच सीटच्या आत. त्यावर इथल्या लोकांचा तोडगा म्हणजे शेवरोलेच्या एस-१० पिकअपचं मागचं हाउसिंग लावायचं, त्याचा दांडा पुढे असतो. बादलीवर बसून हात टाकला, बरोबर गुडघ्याशेजारी.

तर टी-५. मागच्या शनिवारी आणला.

आजोबांना सांगायला गेलो, छातीत धडधड. म्हटलं तुमचा ७००आर४ मी घेत नाही. काही बोलले नाहीत, आत गेले, मला वाटलं संपलं, तर बाहेर आले ते हातात गिअरबॉक्सचा जुना कापलेला इनपुट शाफ्ट (पुढचा दांडा) घेऊन, क्लचप्लेट सेंटर करायला, तुझ्याकडे खिळ्याला टांगलेला असतो अगदी तसाच. म्हणाले प्लॅस्टिकचा वापरू नकोस, वाकतो. मग दोन तास माझ्या गॅरेजात खुर्ची टाकून बसले आणि मी बोल्ट किती टॉर्कने आवळतोय ते बघत राहिले.

पुढच्या महिन्यात गाडी रस्त्यावर येईल असं वाटतंय. आधी मागच्या शाळेच्या मोकळ्या पार्किंगमध्ये पोराला शिकवणार. त्याला परवा डबल क्लच म्हणजे काय ते सांगितलं, गिअर न्यूट्रलला आण, क्लच सोड, रेस दे, परत दाब. त्याने विचारलं कशाला, सिंक्रो आहे ना. बरोबर आहे त्याचं. अण्णांच्या जीपला पहिल्याला सिंक्रो नव्हता, १९३२ च्या त्या फोर्डलाही नव्हता, दोघींचं एकच दुखणं. कुंभार्ली घाटात मी चालत्या गाडीत पहिला टाकायला गेलो आणि तो जो करकरून आवाज आला, अण्णांनी मान वळवून नुसतं बघितलं होतं, आठवतंय? शिवीपेक्षा वाईट होतं ते बघणं.

आता काम. ती जीप विकलीस हे मला माहितेय, पण तिचा गिअरचा नॉब, काळा, वर आकडे पुसट झालेले, तो तू काढून ठेवला होतास, टेबलाच्या खणात असायचा वॉल्व्हच्या डब्याजवळ. अण्णांना विचार, त्यांची हरकत नसेल तर मला हवाय. वहिनींची बहीण डिसेंबरात शिकागोला येणारे म्हणालास ना, तिच्याकडे दे, एवढासा तर आहे. त्याआधी आतले आटे मोजून सांग, माझ्या दांड्याला ३/८ इंच, इंचाला १६ आटे आहेत. जुळले तर उत्तम, नाहीतर मी इथे पितळेचा बुश टर्न करून घेतो, पण तू तिथे टॅप मारून तो नॉब फोडू नकोस, तुझा हात मला माहितेय.

तुझा
पक्या