पेटीवर हापूस, आत रायवळ: आपल्या ‘हुबेहूब’ संगणकाबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आंजर्ले, ता. दापोली, जि. रत्नागिरी
दि. १८ मे २०२५

विषय: ‘सायकल ॲक्युरेट’ म्हणून विकलेला बोर्ड तसा नसल्याबद्दल

महोदय,

गेल्या जानेवारीत मी आपल्याकडून झेडएक्स स्पेक्ट्रमची, म्हणजे सिंक्लेअर कंपनीच्या १९८२ च्या घरगुती संगणकाची, एफपीजीएवर (आतली जोडणी हवी तशी बदलता येते अशा चिपवर) बनवलेली प्रतिकृती घेतली. किंमत २६,५०० रुपये, कुरिअर वेगळं. आपलं कुरिअर आंजर्ल्यापर्यंत येत नाही, म्हणून दापोलीला एसटीनं जाऊन खोकं मांडीवर घेऊन आलो. त्याबद्दल काही म्हणणं नाही, इथं राहायचं म्हटलं की हे आलंच. तक्रार खोक्याच्या आत काय आहे याबद्दल आहे. आजवर आपल्याला चार ईमेल केले आणि चार निरनिराळी उत्तरं आली. आता एकदाच सगळं सविस्तर लिहितो. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलंय, तेव्हा पत्रात पायऱ्या दाखवल्याशिवाय माझ्याच्यानं राहवणार नाही.

आधी हे यंत्र मला कशाला हवं होतं ते सांगतो. १९८८ साली माझ्या थोरल्या भावानं, म्हणजे दादानं, मुंबईहून एक स्पेक्ट्रम प्लस आणला. विलायतेहून आलेला नव्हे, डेसिबेल्स कंपनी परवाना घेऊन भारतात विकायची तो. ४८ के मेमरी, झेड ८० ए प्रोसेसर, साडेतीन मेगाहर्ट्झ. घरच्या पोर्टेबल टीव्हीला जोडायचा आणि कॅसेट रेकॉर्डरवरून प्रोग्राम चढवायचा. दादानं त्यावर आंब्याचा हिशेब बसवला: किती पेट्या गेल्या, दलालाची पट्टी काय आली, त्यातून दलाली, हमाली, गाडीभाडं वजा जाता हातात किती उरले. मी त्यावर मुलांना आलेख काढून दाखवायचो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, कौलं उडाली, माळ्यावरची ट्रंक रात्रभर भिजली आणि तो स्पेक्ट्रम गेला. कॅसेट मात्र फडताळात होत्या, त्या वाचल्या.

आपल्या जाहिरातीत तीन गोष्टी ठळक अक्षरांत होत्या. हा एम्युलेटर, म्हणजे दुसऱ्या संगणकावर नक्कल करणारा प्रोग्राम, नाही, प्रत्यक्ष हार्डवेअर आहे. ‘सायकल ॲक्युरेट’ आहे, म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाच्या चक्राचक्राला मूळ यंत्राशी जुळतं. आणि जुन्या कॅसेटही चालतात. पहिली गोष्ट खरी आहे, हे मी मोकळेपणानं मान्य करतो. कीबोर्ड सुरेख आहे, एचडीएमआयवर चित्र स्वच्छ येतं, बटण दाबल्याबरोबर तळाशी १९८२ ची ती ओळ दिसते. ती पाहून दादा दोन मिनिटं काही बोलला नाही, आणि आमचा दादा गप्प बसणं ही घरात नोंद करण्यासारखी बाब आहे.

अडचण उरलेल्या दोन गोष्टींची आहे.

मूळ स्पेक्ट्रममध्ये प्रोसेसरशेजारी फेरांटी कंपनीची यूएलए नावाची चिप होती. पडद्यावर चित्र काढणं, कीबोर्ड वाचणं, टेप ऐकणं ही सगळी कामं तिच्याकडे. चित्र पत्ता १६३८४ पासूनच्या मेमरीत असतं, आणि १६३८४ ते ३२७६७ या खालच्या १६ के मेमरीत प्रोसेसर आणि यूएलए दोघांनाही जावं लागतं. एकाच विहिरीवर दोन रहाट. एकाच वेळी दोघं आले तर यूएलए प्रोसेसरचं घड्याळ थांबवून आधी स्वतःचं काम उरकते, कारण पडद्याला थांबता येत नाही. याला कंटेन्शन म्हणतात, हे मी आपल्याला सांगायला नको. वरच्या ३२ के मेमरीत ही अडवणूक नाही. म्हणजे एकच प्रोग्राम खालच्या मेमरीत ठेवला तर सावकाश चालतो आणि वर ठेवला तर जोरात. खोड म्हणा, दोष म्हणा, पण मूळ यंत्र असंच आहे, आणि त्या काळी ज्यांनी ज्यांनी त्यावर नेमकं काही लिहिलं त्यांनी ही खोड धरूनच लिहिलं.

आपल्या बोर्डात ही खोड नाही.

पुरावा नऊ बाइटचा आहे: १, ०, ०, ११, १२०, १७७, ३२, २५१, २०१. प्रोसेसरमधला बीसी नावाचा कप्पा (रजिस्टर) शून्यावर येईपर्यंत ६५,५३६ वेळा फिरणारा हा साधा लूप. एका फेरीला २६ टी-स्टेट (प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके), म्हणजे पूर्ण लूपला १७ लाखांच्या वर, साडेतीन मेगाहर्ट्झला अर्ध्या सेकंदाहून किंचित कमी. हाच लूप शंभर वेळा चालवायचा, एकदा पत्ता ४०००० वर ठेवून आणि एकदा ३०००० वर. वेळ मोजायला बेसिक भाषेतली पीक ही मेमरी वाचायची आज्ञा आहेच, पत्ता २३६७२ पासूनचा आकडा सेकंदाला ५० नं वाढतो. १९८९ च्या माझ्या वहीत वरच्या मेमरीसाठी सुमारे ५० सेकंद आणि खालच्या मेमरीसाठी सुमारे ६१ सेकंद अशी नोंद आहे. आपल्या बोर्डावर वर ५० आणि खालीही ५०. सात वेळा करून पाहिलं. आपल्या इंजिनिअरांनी वहीवर विश्वास ठेवू नये, कागदावर मांडून पाहावं. चित्र काढलं जात असताना या लूपच्या एका फेरीला २६ ऐवजी साधारण ५६ टी-स्टेट लागतात, आणि एका फ्रेमच्या, म्हणजे पडदा एकदा पूर्ण रंगवण्याच्या, ६९,८८८ टी-स्टेटपैकी २४,५७६ चित्राच्या असतात. उत्तर ६० च्या आसपासच येतं. उरलेला सेकंद इंटरप्ट (दर फ्रेमला प्रोसेसरला येणारी हाक) आणि बेसिकचा.

अकरा सेकंदांनी काय बिघडतं, असं आपल्या प्रतिनिधीनं फोनवर विचारलं. बिघडतं ते असं. १९९० च्या प्रजासत्ताक दिनाला शाळेत दाखवायला मी एक प्रोग्राम केला होता. पडद्याच्या चारी बाजूंच्या कडेवर, म्हणजे बॉर्डरवर, तिरंगा. भगवा रंग या यंत्राला ठाऊक नाही, म्हणून लालावर भागवलं होतं. मुख्याध्यापकांनी चष्मा काढून ठेवला आणि चालवून घेतलं. बॉर्डरला मेमरी नसते. प्रत्येक फ्रेमच्या सुरुवातीला लाल लावायचा, मोजून तेवढा वेळ थांबायचं, पांढरा लावायचा, पुन्हा थांबायचं, मग हिरवा. सगळा खेळ थांबण्याच्या वेळेचा, आणि तो कोड रेमच्या (बेसिकमधल्या शेऱ्याच्या) ओळीत, म्हणजे खालच्या मेमरीत. आपल्या बोर्डावर तो चालवला. लाल पट्टा आखूड झाला, पांढरा त्याहून आखूड, आणि हिरवा अर्ध्याहून अधिक पसरला. मधलं चक्र पांढऱ्याच्या बाहेर लोंबतंय. यंदाच्या २६ जानेवारीला शाळेच्या पोरांना बोलावलं होतं, त्यांच्यासमोर हे झालं. एक पोरगी म्हणाली, “आजोबा, तुमचा झेंडा घसरलाय.”

आमच्याकडे मे महिन्यात एक जुनी लबाडी चालते. पेटीच्या वरच्या थरात एकसारखा, पिवळाधमक हापूस लावायचा आणि खालच्या थरात रायवळ भरायचा. गिऱ्हाईक वरचे चार आंबे दाबून पाहतो आणि पैसे मोजतो. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते याच दुखण्यापायी: पेटीवर जे लिहिलंय तेच आत असावं. आपल्या जाहिरातीच्या व्हिडिओत पाच गेम धडाधड चालताना दिसतात. तो वरचा थर झाला. खालचा थर मी दाबून पाहिला.

यात मला सर्वांत लागलं ते वेगळंच. माझा पुतण्या पुण्यात चिप डिझाइनच्या कामात आहे. होळीला आला तेव्हा त्यानं आपल्या फर्मवेअरच्या (बोर्डात भरलेल्या फाइलीच्या) आवृत्तीची नोंद वाचली. त्यात आपणच लिहिलंय: ‘मेमरी कंटेन्शन: पुढील आवृत्तीत.’ ही नोंद गेल्या वर्षीच्या ऑगस्टची आहे. म्हणजे मी जानेवारीत पैसे भरले तेव्हा आपल्याला हे ठाऊक होतं, आणि जाहिरातीत ‘सायकल ॲक्युरेट’ तसंच होतं. चुकून राहिलं असतं तर मी एवढं लांब पत्र लिहिलं नसतं.

दुसरी गोष्ट कॅसेटची. मोबाइलवरून ध्वनिफाइल वाजवली तर प्रोग्राम चढतो. रेकॉर्डरवरून दादाची १९८९ ची कॅसेट लावली की सुरुवातीचे लाल-आकाशी पट्टे येतात, मग निळे-पिवळे येतात, आणि ‘टेप लोडिंग एरर’. आपलं उत्तर: कॅसेट खराब झाली असेल. म्हणून मी रेकॉर्डरच्या हेडचा स्क्रू जुळवला, हेड स्पिरिटनं पुसलं आणि तीच कॅसेट त्याच रेकॉर्डरवरून लॅपटॉपवर रेकॉर्ड करून घेतली. सुरुवातीचा सूर पाच सेकंदांचा, सुमारे ८०७ हर्ट्झचा, जसा हवा तसा. त्यापुढे शून्याचे छोटे आणि एकाचे बरोबर दुप्पट लांबीचे ठोके मोजता येतात. ती फाइल लॅपटॉपवरच्या फुकट एम्युलेटरमध्ये पहिल्या फटक्यात चढली. कॅसेट ठणठणीत आहे. माझा तर्क असा की आपलं इअर सॉकेट (टेपचा आवाज आत घेणारं भोक) मोबाइलच्या खणखणीत आवाजाला बेतलंय, जुन्या रेकॉर्डरच्या गोलावलेल्या लाटेला नाही.

(जाता जाता: १९८९ च्या हंगामात आमच्या किती पेट्या गेल्या यावरून दादाचं आणि माझं गेली पस्तीस वर्षं वाजत होतं. त्या फाइलीतून हिशेब निघाला आणि दादा बरोबर ठरला. तेव्हा कॅसेट न वाचल्यामुळे मला मनस्ताप झाला असं मी म्हणणार नाही. वाचल्यामुळे झाला.)

मग लॅपटॉपवरच का नाही वापरत, असं आपल्या तिसऱ्या ईमेलमध्ये होतं. लॅपटॉपवर चालवायचं असतं तर २६,५०० रुपये कशाला मोजले असते? एम्युलेटर नव्हे, हीच तर आपली जाहिरात होती.

आता आपलं चौथं उत्तर. ‘समुद्रकिनाऱ्याच्या दमट व खाऱ्या हवेत वापर झाल्यानं वॉरंटी लागू होत नाही.’ हे वाचून मी ओटीवर येऊन बसलो आणि थोडा वेळ समुद्राकडे पाहिलं. खारी हवा काय करते हे आम्हाला कुणी शिकवायला नको. ती पत्रा खाते, खिळे खाते, बिजागऱ्या खाते, टीव्हीची पाठ खाते. पण खारी हवा वरच्या आणि खालच्या मेमरीतला फरक मोजून दोन्हीकडे ५० सेकंद आणत नाही. तसा गंज कुठे मिळाला तर कळवा, गणिताच्या शिक्षकांना उपयोगी पडेल. बोर्ड उघडून जवळून काढलेले फोटो सोबत आहेत, एकही पिन हिरवी पडलेली नाही. आणि खाऱ्या हवेत वॉरंटी नसेल, तर महाराष्ट्राला ७२० किलोमीटरचा किनारा आहे आणि मुंबई त्याच किनाऱ्यावर आहे, हे जाहिरातीत खाली लिहून टाका.

इतकं सगळं होऊनही मी हे यंत्र परत करायला उतावीळ नाही, ते का, हे समजून घ्या. ती जुनी यूएलए म्हणजे अर्धवट तयार चिप. आत गेट आधीच बसवलेले, कुठला कुठे जोडायचा ते कारखान्यात धातूच्या शेवटच्या थरानं एकदाच ठरायचं, मग त्यात बदल नाही. सिंक्लेअरच्या लोकांची त्यात चूक राहिली तर नव्या चिपा पाडाव्या लागत. आपल्या एफपीजीएत तीच जोडणी एका फाइलीत असते. वीज आली की फाइल फ्लॅशमधून चिपमध्ये उतरते आणि चिप स्पेक्ट्रम होते. दुसरी फाइल घातली की दुसरं काही होते. आमच्याकडे पावसाळ्यात वीज दिवसातून सहा वेळा जाते, म्हणजे आपली चिप दिवसातून सहा वेळा नव्यानं जन्म घेते. सातव्या वेळी तिनं बरोबर जन्म घ्यावा, एवढंच माझं मागणं आहे. पुतण्या म्हणतो, पत्ता खालच्या १६ के मध्ये असेल आणि चित्र चालू असेल तर घड्याळ रोखायचं, याला व्हेरिलॉगच्या (चिपची जोडणी लिहायच्या भाषेच्या) फार ओळी लागत नाहीत.

तेव्हा १५ जूनपर्यंत कंटेन्शनसह नवी फाइल पाठवा, आणि इअर सॉकेटचा भाग आपल्या खर्चानं दुरुस्त करा किंवा बदला. हे जमणार नसेल तर कुरिअरसह पूर्ण पैसे परत करा. ‘पुढील आवृत्तीत’ हे उत्तर आता चालणार नाही, त्याला तारीख हवी. यातलं काहीच झालं नाही तर मी रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं माणूस राहतो त्या जिल्ह्यात तक्रार लावता येते, त्यासाठी आपल्या शहरात यावं लागत नाही. दिशाभूल करणारी जाहिरातही त्याच कायद्यात बसते. आपल्या जाहिरातीची आणि त्या ऑगस्टच्या नोंदीची, दोन्हींची छापील प्रत माझ्याकडे आहे.

बिलाची प्रत, चार ईमेल, वहीच्या पानाचा फोटो, कॅसेटची ध्वनिफाइल आणि घसरलेल्या झेंड्याचा व्हिडिओ सोबत पाठवत आहे. बोर्ड न्यायला माणूस पाठवणार असाल तर जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आत पाठवा. पाऊस लागला की आमच्याकडची वीज आणि नेटवर्क दोन्ही बेभरवशाचे होतात, फोन लागला नाही तर ‘ग्राहक उपलब्ध नाही’ असा शेरा मारून खोकं परत नेऊ नका. घर विचारलं तर बाजारात कुणीही दाखवेल. संगणकवाल्या मास्तरांचं म्हणून विचारावं.

आपला ग्राहक,
एक निवृत्त गणित शिक्षक
आंजर्ले